तपासलेल्या जुळण्या: दोन

सूत लूमवर चढवण्याआधी त्याला खळ द्यावी लागते, नाहीतर ते तुटतं. खळ शिजवायला आणि ओलं सूत वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो. हे काम करणाऱ्या कारखान्याला आम्ही सायझिंग म्हणतो. भिवंडीतल्या अशाच एका सायझिंगमध्ये मी देखभाल आणि नोंदी बघायचो.

बॉयलरची भीती मला कामाला लागलो त्या दिवसापासून आहे, आणि ती असावी असंच माझं मत आहे. आत आग खेळवणाऱ्या लोखंडी नळ्या असतात आणि त्या कायम पाण्यात बुडालेल्या असाव्या लागतात. पाणी खाली गेलं, नळ्या उघड्या पडल्या, लाल झाल्या आणि त्यावर कुणी गार पाणी सोडलं, तर पत्रे शोधायला शेजारच्या गल्लीत जावं लागतं. आत पाणी किती आहे हे बाहेरून कळायला पुढच्या बाजूला एक उभी काचेची नळी असते. तिचं तोंड गाळाने बुजतं, म्हणून दर पाळीला तिचा खालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून ती रिकामी करायची आणि बंद करून पाणी पुन्हा झपकन वर चढतं का ते बघायचं. याला काच ब्लो करणं म्हणतात. मिनिटभराचं काम आहे. कंटाळवाणं आहे, आणि चटका बसतो.

त्या वर्षांत मी चाळिशी ओलांडली होती आणि संध्याकाळच्या क्लासला जाऊन कंप्युटर शिकलो होतो. आमच्या बॉयलरला मालकांनी पाण्याची पातळी सांगणारा एक इलेक्ट्रॉनिक मीटर बसवला होता. त्याची वायर मी एका जुन्या कंप्युटरच्या मागच्या पोर्टला जोडली आणि एक प्रोग्राम लिहिला. दर दहा सेकंदांनी तो मीटरचा आकडा वाचायचा, पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायचा, फाइलमध्ये एक ओळ लिहायचा आणि आकडा चाळीसच्या खाली गेला की भोंगा वाजवायचा. एवढंच. मला मुळात भोंग्यापेक्षा ती फाइल हवी होती. दिवसाच्या आठ हजार सहाशे चाळीस ओळी. मी त्या वाचायचो आणि मला बरं वाटायचं.

प्रोग्राम ज्यावर उभा होता ते सगळं, लिनक्सपासून आलेख काढणाऱ्या तुकड्यापर्यंत, लोकांनी लिहून फुकट आणि उघडं ठेवलेलं होतं. आपणही तसंच ठेवावं असं वाटून मी तो इंटरनेटवर टाकला. कुणीही घ्या, वापरा, बदला. पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले तरुण प्राध्यापक त्यात हात घालू लागले. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, फक्त मेल आणि फोन. नवीन कंप्युटरना मागे जुना पोर्ट नसायचा, म्हणून लोक मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लावायचे, तो एका बाजूला मीटरच्या वायरला आणि दुसऱ्या बाजूला यूएसबीला. प्राध्यापकांनी तेही चालेल असं करून दिलं. ‘यावर चालतो’ अशी यादी आमच्या पानावर होती. चार मीटर, जुना पोर्ट धरून जोडणीचे पाच प्रकार, लिनक्सच्या सहा आवृत्त्या. यादीत एक नाव वाढलं की मी घरी सांगायचो. बायको म्हणायची, “बरं. आता गॅसची नळी बदलायची तेवढी यादीत घ्या.”

एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या गावाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मी मेल उघडली. पत्त्यात फक्त दोन अक्षरं होती, नाव-गाव काही नाही. लिहिणाऱ्या बाईंनी रोमन अक्षरांत मराठी लिहिलं होतं. प्रोग्राम छान चालतो, आमच्या सायझिंगला चार महिने झाले. एकच तक्रार आहे, आलेख कधी कधी सपाट येतो, दिसायला वाईट दिसतं, सुधारता आला तर बघा. सोबत अकरा दिवसांची फाइल होती.

मी चहा घेत घेत फाइल उघडली. एका दिवशी सकाळी पावणेसातपासून चोपन्न, चोपन्न, चोपन्न. मोजल्या तर दोनशे सेहेचाळीस ओळी, म्हणजे एकेचाळीस मिनिटं.

ज्याने बॉयलर बघितला आहे त्याला हे लगेच कळेल. पेटलेल्या बॉयलरमधलं पाणी एकेचाळीस सेकंदही एका आकड्यावर राहत नाही. उकळतं, हलतं, पंप लागला की चढतं, वाफ ओढली की उतरतं. चोपन्न हे पाणी नव्हतंच. तो पावणेसातचा शेवटचा आकडा होता आणि त्यानंतर माझ्या प्रोग्रामला काहीच कळत नव्हतं.

आणि ते का, हे मला फाइल न बघताही आठवलं. सुरुवातीला मीटरकडून एखादा आकडा चुकला की पडदा क्षणभर कोरा व्हायचा. आमचे मालक म्हणाले होते, हे लुकलुकणं बंद करा, डोळ्यांना त्रास होतो. मग मी एक ओळ लिहिली होती, की नवा आकडा आला नाही तर जुना दाखवत राहावा. आमच्या जुन्या पोर्टवर आकडा चुकला तरी पुढच्या दहा सेकंदांत यायचा, म्हणून ते कधी बोचलं नाही. ती ओळ लिहायला मला दोन मिनिटं लागली असतील.

चहा तसाच राहिला. अकरा दिवसांत नऊ वेळा आकडा थिजला होता. मी बाईंना लगेच उत्तर लिहिलं, प्रोग्राम बंद करा, काच बघा, मला फोन करा. उत्तर आलं नाही. ऑफिसच्या मेलला शुक्रवारी कोण बसणार? शुक्रवारी बॉयलर थंड असतात हा एकच दिलासा. शनिवारी पहाटे ते पुन्हा पेटतात.

दिवसभर वडप्याला नातलगांकडे साखरपुडा होता. तिथे जेवलो, काय जेवलो ते सांगता येणार नाही. दर अर्ध्या तासाने मी बाहेर जाऊन शनिवारच्या पहाटेला किती तास उरले ते बोटांवर मोजत होतो. संध्याकाळी सहाला घरी येऊन पुन्हा मेल बघितली. काही नव्हतं. मग मी ते नऊ प्रसंग कागदावर उतरवले. सहा वेळा सकाळी पावणेसात, तीन वेळा दुपारी सव्वातीन. मिनिटभर इकडेतिकडे. इतक्या नेमक्या वेळी आपल्याकडे एकच गोष्ट होते.

“सकाळी पावणेसातला लाइट कुठे जाते?” मी बायकोला विचारलं.

“आपल्याकडे साडेनऊला जाते.”

“ते माहीत आहे. पावणेसातला आणि दुपारी सव्वातीनला?”

“मग ताईकडे. रोज तर सांगते फोनवर, डबे व्हायच्या आत अंधार. तुम्ही ऐकता का कधी.”

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, अंजूरला दिलेली. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत प्रत्येक भागाचं वेळापत्रक वेगळं होतं, आणि बायकोच्या डोक्यात ते सगळ्या नातेवाइकांसकट पाठ होतं. मी साडूंना फोन लावला. ते म्हणाले, “आपल्याकडं तीन सायझिंग हायेत. कंप्युटर कुठल्यात हाय ते न्हाय ठावं. आज सगल्यांना टालं हाय.”

शनिवारी पहिली रिक्षा मिळायला सव्वासात वाजले. मागच्या सीटवर दोन माणसं गोडाउनच्या ड्युटीला चालली होती, हसत होती, आणि मला त्यांच्या हसण्याचा राग येत होता. पहिल्या सायझिंगमध्ये कंप्युटर नव्हता. दुसरीच्या फाटकात शिरलो तेव्हा सात चाळीस झाले होते. जनरेटर चालू होता, म्हणजे लाइट गेलेली होती.

मालक साठीचे, गावातलेच. पूर्वी भातशेती होती, आता दोन गोडाउनं आणि ही सायझिंग. मी कोण ते सांगितल्यावर ते खूश झाले. “अरे वा. त्यो प्रोग्राम तुमचा काय? फुकट दिलात म्हनून आमची सून लय गुन गाते. बसा, चा घ्या.”

“काका, आधी बॉयलर दाखवा.”

बॉयलरच्या शेजारी एका जाळीच्या कपाटात कंप्युटर होता, त्याला छोटी बॅटरी जोडलेली. मीटर भिंतीवर, आणि मधल्या वायरला निळा पारदर्शक कन्व्हर्टर. पडद्यावर सत्तावन्न होता. मी घड्याळ धरून दोन मिनिटं बघितलं. सत्तावन्न. भिंतीवरच्या मीटरचा दिवाच बंद होता. जनरेटरवर बदली करताना तो गेला होता आणि कुणी पुन्हा चालू केला नव्हता.

“हा आकडा चुकीचा आहे,” मी म्हणालो. “खोटा आहे.”

“काच बी तेच सांगते,” काका म्हणाले. खरंच, काचेत पाणी अर्ध्याच्या थोडं वर दिसत होतं. बॉयलरवर एक उत्तर प्रदेशातले वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांना मी विचारलं, काच शेवटची ब्लो कधी केली.

“कंप्यूटर आने के बाद ज़रूरत नहीं पड़ी, साहब,” चाचा म्हणाले. “नंबर तो सामने है।”

“कंप्यूटर कब आया?”

“दिवाली के बाद।”

शिमगा जवळ आला होता. चार महिने. बुजलेल्या काचेत वरून वाफ येते, आत तिचं पाणी होतं आणि ते पाणी आपोआप वर चढत जातं. आत पाणी कमी होत असतानाही काच भरलेली दिसते. हे चाचांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. वीस वर्षं ते दर पाळीला काच ब्लो करत आले होते. माझा आकडा समोर आल्यावर त्यांनी ते सोडलं होतं.

“अब कीजिए,” मी म्हणालो.

त्यांनी खालचा कॉक उघडला. काच फुसकन रिकामी झाली. कॉक बंद केला. पाणी एका क्षणात उसळून वर यायला हवं. आम्ही तिघं काचेकडे बघत होतो. एक थेंब वरून घरंगळत खाली आला आणि तळाला बसला. बस, तेवढंच.

दुसरी काच होती, पण तिचा वॉशर गळतो म्हणून दोन्ही कॉक बंद करून ठेवलेले.

“पंप कब लगाया था आज?” मी विचारलं.

“नंबर चालीस पे आएगा तब लगाते हैं,” चाचा म्हणाले. हे वाक्य बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. सत्तावन्नचे चाळीस होणार नव्हते. पावणेसातपासून बॉयलरमध्ये पाण्याचा थेंब गेला नव्हता.

मी मनात हिशेब मांडला, कारण मला दुसरं काही येत नाही. सत्तावन्नला नळ्यांच्या वर साधारण चौदा सेंटीमीटर पाणी. एक सेंटीमीटर म्हणजे चाळीस लिटर, म्हणजे एकूण पाचशे साठ. तासाला पाचशे लिटरची वाफ धरली तर अजून सात मिनिटं राहत होती. सहाशे धरली तर चार मिनिटांपूर्वी नळ्या उघड्या पडल्या होत्या. माझा हिशेब यापेक्षा बारीक होत नव्हता.

“पानी सोड, चाचा,” काका म्हणाले. “बगतोस काय, पंप लाव.”

चाचांचा हात पंपाच्या बटणाकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. “नहीं। पानी नहीं। आग बाहर निकालिए।”

“आतमधी सुताचा सेट चाललाय,” काका म्हणाले. “सगला सूत खल पिऊन बसंल. कोन भरनार त्यो?”

“काका, माणसं बाहेर काढा. रस्त्याच्या पलीकडे. सूत राहू दे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चाचांकडे. चाचा भट्टीची लांब आकडी उचलत होते. त्यावरून काकांना कळलं असावं. ते आत गेले आणि अगदी शांत आवाजात म्हणाले, “चला गो, सगल्या भायेर चला. चपला र्‍हाऊ द्या.” नऊ बायका आणि पाच पुरुष होते. फाटकातून जाताना मी मोजले.

चाचांनी आणि मी भट्टीतली जळती लाकडं ओढून बाहेर काढली. मी वाफेचा मोठा व्हॉल्व्ह हळूहळू बंद केला. त्या अकरा मिनिटांत बॉयलरच्या पोटातून येणारा प्रत्येक आवाज मला शेवटचा वाटत होता. चाचा पुटपुटत होते, बहुतेक नमाजातलं काही. मी काय म्हणत होतो ते मला माहीत नाही. नंतर चाचा म्हणाले की मी आकडे म्हणत होतो.

आग निघाल्यावर त्यांनी दुसऱ्या काचेचा वॉशर बदलला. कॉक उघडले. पाणी तळाला आलं, थरथरलं आणि थांबलं. नळ्यांचा माथा दाखवणारी जी रेघ पत्र्यावर कोरलेली असते तिच्या वर बारा मिलिमीटर. मी खिशातल्या पट्टीने दोनदा मोजलं. तरीही दुपारपर्यंत पंप लावू दिला नाही.

काकांची सून घरातून धावत आली होती. ती मेल तिचीच. रोज सकाळी साडेसातला आणि दुपारी चारला येऊन ती सपाट आलेख बघायची आणि प्रोग्राम, मीटर सगळं बंद-चालू करायची, म्हणून इतके दिवस निभावलं होतं. त्या दिवशी मुलाच्या तापामुळे तिला उशीर झाला होता. रस्त्यापलीकडे उभी राहून ती मला म्हणाली, “सर, मी आलेख सुंदर करा म्हणून लिहिलं होतं.” आणि ती रडायला लागली.

सोमवारपासून मी आमच्या सायझिंगमध्ये तपासणी सुरू केली. ती ओळ आधी काढली. आकडा नसेल तर पडदा कोरा आणि भोंगा चालू. मग बाजारातून तीन कन्व्हर्टर आणले आणि मीटरची वीज मुद्दाम काढून घालून बघितली. पहिल्याने पडदा कोरा झाला, बरोबर. दुसऱ्याने सगळा कंप्युटरच गोठवला. तिसरा सगळ्यात वाईट निघाला. मीटर मेलेला असताना तो शेवटचा आकडा नव्यासारखा पुन्हा पुन्हा पुढे देत होता. प्रोग्रामला तो ताजा वाटायचा. यावर माझ्याकडे उपाय नव्हता. त्याहून वाईट म्हणजे पहिला आणि तिसरा एकाच दुकानातले होते, एकाच रंगाचे, एकाच स्टिकरचे. आतली चिप वेगळी.

मी पुण्याला फोन केला आणि सांगितलं की पुढची आवृत्ती फक्त दोन जुळण्यांवर चालेल. आमचा मीटर, कंप्युटरचा मूळचा पोर्ट आणि लिनक्सच्या दोन आवृत्त्या. बाकी काही दिसलं की प्रोग्राम सुरूच होणार नाही.

“सर, एकशे वीसवरून दोन?” ते म्हणाले. “लोक म्हणतील प्रोग्राम आजारी आहे.”

“आजारीच आहे.”

“तो तिसरा कन्व्हर्टर यादीतून काढू. मोठी सूचना लिहू. लोकांना ठरवू दे ना. मोकळं सॉफ्टवेअर आहे, आपण कोण अडवणारे?”

“चार गुणिले पाच गुणिले सहा,” मी म्हणालो. “एक जुळणी नीट तपासायला मला आठ दिवस लागतात. नऊशे साठ दिवस. माझ्याकडे बॉयलर एक आहे. यादीतल्या एकशे अठरा जुळण्या आपण कधी पेटत्या बॉयलरवर बघितल्याच नाहीत. तुम्ही टेबलावर बघितल्या, मी विश्वास ठेवला आणि ‘यावर चालतो’ लिहिलं.”

ते म्हणाले, “मी रात्री झोपतो सर. तुम्ही झोपता का?”

“नाही.”

“मग करा दोन.”

नव्या आवृत्तीच्या पानावर मी वर लिहिलं, ‘तपासलेल्या जुळण्या: दोन’. खाली कारण लिहिलं, अंजूरचं नाव न घेता पण बारा मिलिमीटरसकट. दुसरी कुठलीही जुळणी असली तर पडद्यावर एकच वाक्य यायचं, ‘हा प्रोग्राम इथे चालणार नाही. पाण्याची काच ब्लो करून बघा.’

अंजूरच्या काकांना फोन करून सांगितलं, तुमच्या कंप्युटरवर नवीन आवृत्ती चालणार नाही.

“म्हंजे तुमचा प्रोग्राम न चालवता चालवायचा म्हना की.”

“हो. चाचांना काच ब्लो करू द्या. दर पाळीला.”

“त्ये आता सांगायची गरज न्हाय. त्यो दर तासाला करतंय. काचंला बी कंटाला आला असंल.” मग म्हणाले, “सेट गेला तो गेला. तुम्ही आलात त्ये बरा झाला.”

मेलमध्ये मात्र शिव्याच जास्त आल्या. माझ्याकडे वर्षभर चालत होतं ते तुम्ही बंद पाडलं. फुकट देता आणि वर नखरे करता. एकाने लिहिलं, काका, तुम्हाला कंप्युटर झेपत नसेल तर सोडून द्या. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते ते सतरा जण होते. त्या सगळ्यांना मी वेगळं पत्र लिहून जुनी आवृत्ती काढायला सांगितलं. चौदा जणांनी काढली असं कळवलं. दोघांचे पत्तेच बंद होते. शिवाय न कळवता किती जणांनी उतरवून घेतला असेल, हे मोजायची सोय नव्हती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा न मोजता येणाऱ्या आकड्याला भ्यायलो.

सतरावा माणूस दुसऱ्या एका कापडाच्या गावातला होता. त्याने उत्तर दिलं नाही. दीड महिन्याने प्राध्यापकांनी मला एक पान दाखवलं. त्या माणसाने माझा नवा प्रोग्राम घेतला होता, जुळणी तपासणाऱ्या अकरा ओळी पुसल्या होत्या, लुकलुकणं बंद करणारी माझी जुनी ओळ परत घातली होती आणि तो स्वतःच्या नावाने इंटरनेटवर ठेवला होता. वर लिहिलं होतं, ‘सर्व कन्व्हर्टरवर चालतो.’

त्याने काही चुकीचं केलं नव्हतं. तो हक्क त्याला मीच दिला होता, लिहून, कायमचा. प्राध्यापक म्हणाले, आपण काही करू शकत नाही सर. मी त्या माणसाला पुन्हा पत्र लिहिलं. ओळी परत घाला असं मागितलं नाही. रागावलोही नाही. फक्त विचारलं, तुमच्याकडे दर पाळीला काच ब्लो करतात का.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उत्तर आलं. दोनच शब्द.

‘कोणती काच?’

मी त्याचा फोन नंबर मागितला. तो त्याने लगेच पाठवला. सायझिंगच्या ऑफिसातून मी फोन लावला. मागे मशीनचा आवाज येत होता. आवाजावरून तिशीच्या आतला वाटला. तो नम्रपणे बोलत होता. म्हणाला, “सर, तुमचा प्रोग्राम फारच छान आहे, मी थोडा सुधारला.”

मी विचारलं, “आत्ता तुमच्याकडे लाइट आहे?”

“नाही सर, दहाला गेली. जनरेटरवर आहोत.”

“पडद्यावर आकडा किती आहे?”

“एकसष्ट.”

“मी साठपर्यंत मोजतो. मग पुन्हा सांगा.”

मी मोजले.

“एकसष्टच आहे सर.”

“बॉयलर पेटलेला आहे?”

“हो, चालूच आहे की,” तो म्हणाला. “का?”